वेरूळला नेलेली कात्री

धुरपताबाईची मान किंचित उजवीकडे कललेली असे. पाहणाऱ्याला वाटे, ती कान देऊन काहीतरी ऐकते आहे. ऐकत काही नसे. डाव्या कानामागून एक जट निघत होती, मुळाशी करंगळीएवढी, मानेपाशी अंगठ्याएवढी, आणि पुढं कमरेपर्यंत जाताना कासऱ्यासारखी पिळलेली. टोकाला पितळेचं बारीक कडं. न्हाल्यावर बाकीचे केस लवकर वाळत, जट मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत आतून ओली राही आणि थंडीत मानेला लागली की अंगावर काटा येई. मुळाशी ओढली तर दुखे. टोकाशी ओढली तरी दुखे ते मुळाशीच. टोकाला स्वतःचं दुखणं नव्हतं. एवढं धुरपताबाईला ठाऊक होतं. ठाऊक असण्याचं पुढं काय करायचं, ते ठाऊक नव्हतं.

जट आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मुदतीचा ताप आला होता. ताप उतरेपर्यंत डोक्याला फणी लागली नाही आणि उतरल्यावर डाव्या बाजूचे केस सुटेनात. आईनं तेल चोळून पाहिलं, मग घाबरून पूर्णेहून एका म्हाताऱ्या आराधिणीला बोलावणं धाडलं. तिनं केस मुठीत धरले, डोळे मिटले आणि सांगितलं की तुळजापूरची आली. फणी लावायची नाही, लोखंड लावायचं नाही. कापली तर रक्ताची धार लागेल. पालमच्या एका मुलाशी धुरपताच्या लग्नाचं बोलणं झालेलं होतं. देवीच्या बाईला सून करून घ्यायची छाती आमच्यात नाही, असा त्या लोकांचा निरोप आला. मग धुरपताच्या गळ्यात कवड्यांची माळ पडली आणि हातात परडी आली. आवाज तिचा आधीपासूनच चांगला होता, पण त्या दिवसापासून तो देवीचा झाला. नवरात्रात आसपासच्या गावांतून बोलावणी येत. ज्यांना महारवाड्यातल्या माणसाची सावली चालत नसे तेही अंतरावर उभे राहून तिच्याकडे कौल मागत आणि लांबूनच परडीत ज्वारी टाकत.

हे सगळं सत्तावन्न साली एका दिवसात संपलं. चुडाव्याच्या महारवाड्यानं पांढरी लुगडी नेसून, पांढरे सदरे घालून बुद्धाची दीक्षा घेतली आणि घराघरांतले देव एका फडक्यात बांधून नदीच्या डोहात सोडले. धुरपताबाईची परडी तिच्या धाकट्या भावानं, आश्रुबानं, स्वतःच्या हातानं नेली. आश्रुबा रेल्वेत गँगमन होता. नांदेडच्या सभेला जाऊन तो सगळी वंदना तोंडपाठ करून आला होता आणि वस्तीत आता त्याचा शब्द चाले. परडी गेली, माळ गेली, पोत गेला. मग आश्रुबानं बहिणीच्या जटेकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

"आन् ही, अक्का?"

"वेरूळला जाऊ तवा," धुरपताबाई म्हणाली. "भगवंतासमोर कापीन."

वेरूळ हे नाव तिनं त्याच दिवशी सकाळी ऐकलं होतं.

त्यानंतर पाऊस झाला, मग ज्वारीची काढणी आली, मग आश्रुबाची बायको केशरबाई बाळंत झाली. वेरूळ पुढं पुढं जात राहिलं. इकडे वस्तीत रोज संध्याकाळी वंदना सुरू झाली होती आणि ती आश्रुबा सांगत होता. आश्रुबाचा आवाज म्हणजे ब्रेक दाबलेली मालगाडी. बायांना त्याच्या मागून म्हणता येईना. पुढं कुणी बसायला हवं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण समाजानं ठरवलं होतं की वंदना सांगणाऱ्याच्या अंगावर जुन्या देवाची खूण नको. ठरवताना कुणी नाव घेतलं नाही. धुरपताबाई शेवटच्या रांगेत, भिंतीला जट टेकवून बसे आणि ओठ हलवी. दीक्षेपासून तिनं गळा सोडून एक ओळही म्हटली नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. पावसाळ्यात एकदा चुलीपुढं वाकली असताना जटेचं टोक निखाऱ्यात पडलं. चर्र झालं, वास सुटला. तिनं टोक ओढून पाहिलं. दोन बोटं जळून गेलं होतं, काळा गोळा झाला होता. दुखलं नाही. रक्त आलं नाही. तिनं घाईघाईनं चुलीत एक वाळली मिरची टाकली, म्हणजे घरातले सगळे खोकत बाहेर गेले. मग कडं वर सरकवून तिनं जळकं टोक त्यात कोंबलं.

अठ्ठावन्न सालच्या माघात अखेर वेरूळला जायचं ठरलंच.

चुडाव्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत वस्तीतले दहाबारा लोक उभे होते. केशरबाईनं तान्ह्याला मागं कुणाकडे ठेवलं नव्हतं, पाठीशीच बांधलं होतं, आणि काखेत पिशवी होती. ती रेल्वेच्या चाळीतल्या बायांच्या चोळ्या शिवत असे. शिवणाची कात्री फडक्यात गुंडाळून तिनं पिशवीत टाकली होती.

"कात्री घेतलीस का?" धुरपताबाईनं विचारलं.

"घेतली की. सालभर तुमच्या नावानं धार लावून ठेवायले. तिला बी वेरूळ बघायचंय."

"तुला लय घाई झालीय."

"मला कशाची घाई, अक्का? माझ्या डोक्यावर हाय व्हय?"

गाडीत वस्तीतली म्हातारी कडूबाई धुरपताबाईच्या शेजारी बसली. परभणी गेलं, मानवत रोड गेलं. आश्रुबा दाराशी उभा राहून तोंड फिरवून बाहेर बघत होता. तेवढ्यात कडूबाईनं जटेचं टोक हळूच उचललं आणि दोन्ही डोळ्यांना लावलं.

"आता हे करायचं नसतंय, कडूबाई," धुरपताबाई पुटपुटली.

"ठाऊक हाय की. शेवटचं म्हणून लावलं." मग थोडं थांबून ती म्हणाली, "परवा बी शेवटचंच लावलं हुतं."

म्हातारीच्या गाठोड्यात एक नारळ होता. तो आश्रुबाच्या नजरेला जालन्यापाशी पडला.

"हे कशाला आणलं? तिथं नारळ फोडायचा नसतो."

"मग काय करायचं?"

"काही करायचं न्हाई. मेणबत्ती लावायची, फूल वाहायचं. नारळ घरी नेऊन खायचा."

"खायला फोडावाच लागंल की रं बाबा," कडूबाई म्हणाली. डब्यातले अनोळखी लोकही हसले. आश्रुबालाही हसू आलं असतं, पण त्या दिवशी सगळी जबाबदारी त्याच्यावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी औरंगाबादेहून बस निघाली, खुलदाबादचा घाट उतरली आणि कैलास लेण्याच्या अलीकडे थांबली. समोर अख्खा डोंगर कोरून काढलेला. कडूबाईचे हात आपोआप जोडले गेले.

"ते महादेवाचं हाय," आश्रुबा म्हणाला. "आपलं न्हाई. चला."

"आपलं कुठं हाय?"

आश्रुबाला ते ठाऊक नव्हतं. त्यानं बुद्ध पाहिला होता तो एका छापील चित्रात, समाजाच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या. मांडी घालून बसलेला, डोळे मिटलेले, हात मांडीवर. झाडाखाली एक बैलगाडीवाला बिडी ओढत बसला होता. आश्रुबानं त्याला नीट, खुणेसकट विचारलं. मांडी घातलेली, डोळे मिटून ध्यानाला बसलेली मूर्ती ज्या लेण्यात आहे ते लेणं कुठं? गाडीवाल्यानं क्षणभर विचार केला आणि उत्तरेकडे बोट केलं. "त्या टोकाला. लांब हाय, बसा गाडीत." आश्रुबा म्हणाला, "यात्रेला आलाव, चालत जाऊ."

ते मैलभर चालले. लेण्याच्या अंगणात दगडी हत्ती उभा होता, एक उंच खांब होता. जिना चढून वर गेल्यावर खांबांचं अंधारं दालन आणि आतल्या गाभाऱ्यात, चित्रात होता अगदी तसा, मांडी घालून, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून तो बसला होता. आश्रुबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मेणबत्त्या लावल्या, उदबत्त्या लावल्या, सगळे खाली बसले आणि त्याच्या खरखरीत आवाजामागून त्रिशरण म्हणू लागले.

धुरपताबाई सवयीनं शेवटी, कडेला बसली. आता वंदना संपेल, मग आश्रुबा वळून पाहील, केशर पिशवीत हात घालेल. तिनं जट पदराखाली घेतली आणि मूर्तीकडे पाहायचा प्रयत्न केला, पण मेणबत्तीच्या उजेडात डाव्या अंगाला आणखी काहीतरी दिसत होतं. तिनं मान वळवली.

तिथं ती बसली होती. वाहनावर, वाघ म्हणा की सिंह म्हणा, निवांत बसलेली. मागं फळांनी लगडलेलं आंब्याचं झाड, मांडीशी लेकरू.

एवढं डोहात सोडलं, आणि ही इथं? भगवंताच्या दारात? धुरपताबाईला वाटलं, आता अंगात येईल. मान घुमेल, दात वाजतील, मग आपल्या हातात काही राहणार नाही. ती वाट बघत राहिली. अंगात काही आलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरलं. हिला भगवंतानं हाकलली नाही, शेजारी बसवून घेतली. मग जट कशाला कापायची? उत्तर इतकं सोपं होतं की तिला स्वतःच्या भीतीचं हसू आलं. तिनं मनात ठरवून टाकलं. ठेवायची. आश्रुबाला इथं आणून ही मूर्ती दाखवायची आणि विचारायचं, आता बोल.

वंदना संपली. आश्रुबानं वळून पाहिलं.

"अक्का?"

"थांब. मला काही सांगायचंय," ती उठत म्हणाली. "हिकडं ये."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. खाकी सदऱ्यातला म्हातारा चौकीदार वर आला. "ये मेणबत्तियां कौन लगाया? पत्थर काला पड़ता ना भई."

"वंदना केली, मियांसाब," आश्रुबा अदबीनं म्हणाला. "चुडाव्याहून आलाव आमी. भगवान बुद्धाच्या दर्शनाला."

चौकीदारानं मेणबत्त्यांकडे पाहिलं, पांढऱ्या लुगड्यांकडे पाहिलं. "बुद्ध? बुद्ध उधर हैं, दक्खिन के बाजू. ये जैनां का लेणा है. ये महावीर."

आश्रुबानं मूर्तीच्या मांडीकडे, मिटल्या डोळ्यांकडे पुन्हा पाहिलं.

"पण हे ध्यानालाच बसल्यात," आश्रुबा म्हणाला.

"बैठे हैं. वो भी बैठते, ये भी बैठते." चौकीदाराला त्यांची दया आली असावी. "शरमाओ नक्को. कैलास समझ के यहाँ पिंडी ढूंढने वाले भी आते."

"आता रं कसं?" कडूबाईनं विचारलं. "आपुन शरण गेलो की ह्यांना. ते माघारी कसं घ्यायचं?"

"माघारी घ्यायचं नसतंय, कडूबाई."

"मग दोघांना शरण का आपुन?"

आश्रुबा मेणबत्त्या फुंकर घालून विझवू लागला आणि मग हे बरं दिसतं का, म्हणून मध्येच थांबला.

धुरपताबाई पुढं झाली. तिनं मूर्तीकडे बोट दाखवलं. "आन् ह्या? वाघावरच्या?"

"वो उनकी देवी. अंबिका बोलते."

"अंबिका म्हणजे आमची? तुळजापूरची?"

"नाम तो वही है, अम्मा. वही है क्या दूसरी है, मेरे को क्या मालूम."

तिनं पुन्हा मूर्तीकडे पाहिलं. मूर्ती तशीच होती, झाड तसंच, लेकरूही. मघाशी छातीवरून उतरलेलं ओझं मात्र परत आपल्या जागी येऊन बसलं होतं. लेणं चुकीचं निघालं तर लेण्यातलं उत्तरही चुकीचं का? की उत्तर खरं आणि लेणं तेवढं चुकीचं? तिला विचारायचं होतं, पण चौकीदार कपाळावर आडवा हात धरून बाहेर ऊन किती आहे ते बघत होता.

"काय सांगायचं हुतं, अक्का?" आश्रुबानं विचारलं.

"काही न्हाई. चला."

परत मैलभर. ऊन चढलं होतं. वाटेत तो गाडीवाला दिसला तेव्हा आश्रुबानं त्याला हटकलं. गाडीवाला म्हणाला, "तुमी मांडी घातलेला इचारला, मी मांडी घातलेला दाखिवला." त्यात खोटं काही नव्हतं.

कैलासाच्या दक्षिणेला गेल्यावर त्यानं दोन वेगवेगळ्या माणसांना विचारून घेतलं, आणि लेण्याच्या तोंडाशी बसलेल्या तिसऱ्यालाही. आत लांबच लांब दालन होतं. जमिनीतून उगवल्यासारखी दगडाची दोन बुटकी बाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. दोन्ही बाजूंच्या भिंतींत काळोख्या खोल्यांची दारं. आणि अगदी आत, गाभाऱ्यात बुद्ध.

आश्रुबा दारातच थबकला. बुद्धानं मांडी घातलेली नव्हती. खुर्चीवर बसावं तसे पाय खाली सोडून तो बसला होता. हात छातीपाशी, काहीतरी समजावून सांगत असल्यासारखे.

"हा तर साहेबावानी बसलाय," केशरबाई हळूच म्हणाली.

"मघाचाच बरा हुता," कडूबाई म्हणाली.

"गप बसा," आश्रुबा म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. त्यानं मेणबत्त्या काढल्या, लावाव्यात की नाही याचा विचार करत हातात धरून ठेवल्या आणि तशीच वंदना सुरू केली. दोन ओळींतच तो अडखळला. सकाळी एकदा म्हटलेलं पुन्हा पहिल्यापासून म्हणताना आपण कुणाशी बोलतो आहोत, हेच त्याला कळेनासं झालं असावं. बायांचे आवाज एकामागून एक गळाले. शेवट त्यानं एकट्यानंच केला.

धुरपताबाई गाभाऱ्याच्या दाराशी उभी होती. दाराच्या बाजूला पुरुषभर उंचीची एक मूर्ती होती, हातात कमळाचा देठ धरलेली. धुरपताबाईनं तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

"आश्रुबा, ह्याच्या डोक्यावर काय हाय?"

"मुकुट."

"मुकुट न्हाई. नीट बघ. केस हायत. जटा हायत ह्या, गुंडाळून वर बांधल्यात."

आश्रुबानं पाहिलं. त्यानं बोटांनी हवेत केसांचे पीळ मोजल्यासारखं केलं आणि हात खाली घेतला.

"असतील," तो म्हणाला. मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "अक्का, मला वाटलं हुतं हितं आल्यावर सगळं कळंल. मला तर आदीचं हुतं ते बी कळंना झालंय."

भावाचा असा आवाज तिनं लहानपणानंतर ऐकला नव्हता. एक देवी चुकीच्या दारात भेटली, आता बरोबर दारात जटावाला भेटला. तिनं हा कौल धरायचा की सोडायचा? बरोबर लेण्यातला म्हणून हा खरा का? सकाळचा कौल खरा वाटला होता तेव्हाही ती अशीच उभी होती, असंच बघत होती. तिचे डोळे दुखायला लागले.

"ह्या खोल्या कशाच्या?" तिनं विचारलं.

"भिक्खू ऱ्हायचे. ध्यानाला बसायचे."

"ध्यानाला म्हणजे काय करायचे?"

"काही करायचं न्हाई. गप बसायचं."

"किती येळ?"

"ते मला ठाऊक न्हाई, अक्का."

लोक बाहेर उन्हात भाकरी सोडायला गेले. धुरपताबाई भिंतीतल्या एका खोलीत वाकून शिरली. आत एक दगडी ओटा होता, बाकी काही नव्हतं. मूर्ती नव्हती, शेंदूर नव्हता, पाहायला काही नव्हतंच. ती ओट्यावर बसली आणि डोकं भिंतीला टेकवलं. जट मध्ये आली. तिनं ती खांद्यावरून पुढं घेतली, पुन्हा डोकं टेकवलं. मुळाची गाठ कानामागं रुतली. उजवीकडे कलल्याशिवाय मान विसावेना. आयुष्यात कधी सरळ डोकं टेकवून बसल्याचं तिला आठवेना. अकराव्या वर्षाआधी बसली असेल, पण मुलं कुठं डोकं टेकवून बसतात.

ती गप बसली. किती वेळ बसायचं ते माहीत नव्हतं, म्हणून बसून राहिली. काही येईल अशी वाट बघायची सवय होती, पण इथं कुणी येईल असं चिन्ह नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की खोलीत बारीक आवाज होतो आहे आणि तो तिच्याच नाकातून येतो आहे. ती गुणगुणत होती. देवीचं गाणं नव्हतं, वंदनाही नव्हती, नुसता एक सूर. तिनं तो थोडा वाढवला. सूर भिंतीत शिरला आणि जरा उशिरानं, जाड होऊन, चारी बाजूंनी परत आला. परडी नव्हती, माळ नव्हती, समोर कुणी पाया पडत नव्हतं. तरी आवाज होता. पण जट अजून होतीच. तेव्हा आवाज कुणाचा, ते यावरून ठरत नव्हतं.

दारात सावली पडली. केशरबाई पाठीवरच्या तान्ह्याला सांभाळत आत वाकली.

"तुमी व्हय, अक्का? मला वाटलं भुंगं हायत."

"ये. बस."

केशरबाई ओट्यावर टेकली. पिशवी तिनं मांडीवर घेतली. तान्हं झोपेत चोखल्यासारखं तोंड हलवत होतं.

"ते बाहेर एकटेच बसल्यात," केशरबाई नवऱ्याबद्दल म्हणाली. "भाकर घेईनात. म्हणायलेत, अक्काला सालभर टोचलं, आन् माझं मलाच कळत न्हाई."

धुरपताबाईनं मान हलवली.

"अक्का, एक इचारू? रगत येईल म्हणून भेता व्हय तुमी?"

"न्हाई येणार म्हणून भेते."

केशरबाईनं तिच्याकडे पाहिलं. काळोखात चेहरा दिसत नव्हता, नुसतं पितळी कडं चमकत होतं.

"रगत आलं तर बरं की, केशर. म्हणजे देवी हुती. तिच्यापायी पालमचं घर गेलं, व्हायचं लेकरूबाळ गेलं, तर तिच्यापायी गेलं. आन् न्हाई आलं तर? मग नुसता गुंता हुता केसाचा. तापात फणी फिरवली न्हाई त्याचा गुंता. तेवढ्यापायी एवढं सगळं?"

केशरबाईनं तान्ह्याची टोपी नीट केली, पुन्हा नीट केली.

"पावसाळ्यात तुमी चुलीत मिरची टाकली हुती," ती शेवटी म्हणाली.

धुरपताबाईचा हात जटेच्या टोकाशी, कड्याकडे गेला.

"मिरचीखाली केसाचा वास दबत न्हाई, अक्का. मला तवाच कळलं. रगत न्हाई आलं, हे तुमाला बी ठाऊक हाय आन् मला बी."

"बोलली न्हाईस कधी."

"कशाला बोलू? तुमचं जळलं, तुमी बोलाल तवा बोलाल." केशरबाईनं पिशवीतून फडकं काढलं, त्यातली कात्री काढली आणि ती दोघींच्या मध्ये ओट्यावर ठेवली. "मी सालभर चेष्टा केली, ती सोडून द्या. तुमाला ठेवायची असली तर ठेवा. जट राहिली तरी तुमीच वंदना सांगायची, असं मी समाजात उठून बोलते. लय झालं तर मला खाली बसवतील. तुमच्या भावाला बी मीच सांगते. पण आता कुणाला इचारू नका. वाघावरच्या बाईला नको, साहेबावानी बसलाय त्याला नको, आन् मला बी नको."

बाहेर कडूबाईचा आवाज आला. ती कुणाला तरी नारळ दगडावर आपटला तर तो फोडल्यासारखा होतो का, असं विचारत होती. कुणीतरी तिला काहीतरी सांगितलं. मग नारळ फुटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ हसणं.

धुरपताबाईनं कात्री उचलली. लोखंड दगडामुळं गार झालं होतं. लहानपणापासून या केसांजवळ लोखंड आलं नव्हतं. ती पाती तिनं उघडून पाहिली, मिटली. पालमच्या त्या मुलाचा चेहरा आठवावा म्हणून तिनं प्रयत्न केला आणि आठवला नाही. आईचा हात आठवला, तेल चोळणारा, घाईत असलेला. त्या हाताला दोष द्यावा की नाही, हे तिला आजही ठरवता येईना. आवाज राहील की जाईल, तेही सांगता येत नव्हतं. इथं बसून कितीही गप बसलं तरी ते कळण्यासारखं नव्हतं.

तिनं टोकाचं कडं ओढून काढलं. आतला जळका गोळा चुरून तिच्या बोटांना काळं लागलं. कडं तिनं ओट्यावर ठेवलं, कात्री उलटी धरून केशरबाईच्या हातात दिली आणि पाठ तिच्याकडे करून, मान जमेल तेवढी सरळ ठेवून बसली.

"केशर," ती म्हणाली, "मुळापासून काप."